वारा पाहून पेटवलेली भट्टी

लोहारकाम करणाऱ्या अप्पांना कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. नगरपालिकेने वस्तीत कोळशाच्या भट्टीवर बंदी घातली, तेव्हा त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली. "छप्पर माझं, कोळसा माझा, खोकणारी छातीही माझी. मग लोकांच्या पोटात का दुखतं?" गॅसची भट्टीही त्यांनी लावून पाहिली होती. तिच्या आचेवर लोखंडाचा रंग ओळखता येईना, छिन्न्यांना कठीण करणारं पाणी नीट बसेना. टोकं उडालेल्या छिन्न्या पाथरवट परत आणून आदळू लागले. कमावलेल्या नावाची माती झालेली कुणाला आवडेल?

पण अप्पांना काळीज होतं. भट्टीमागच्या माडीवर लेक राहायची आणि तिच्या लहानग्याला धुराने धाप लागायची. "अप्पा, याच्यासाठी तरी बंद करा," म्हणून ती हात जोडून थकली. शेवटी दोघांत अबोला झाला.

मग अप्पांनी आपल्या डोक्याने तोडगा काढला. छपरावर काठी रोवून तिला चिंधी बांधली. चिंधी माडीकडे वळली की भट्टी बंद, समोरच्या नाल्यापलीकडे वळली की भाता सुरू. एवढी साधी गोष्ट नियम करणाऱ्यांना सुचू नये, याची त्यांना चीड यायची.

एका दुपारी लेक कामावरून अवेळी परतली. कडेवर नातू, आणि त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"पाळणाघरातून बोलावणं आलं. आज पुन्हा पेटवलीत ना?"

"पेटवली! पण माडीवर धुराचा कण येऊ दिला नाही. वारा पाहूनच पेटवतो मी."

"कुणीकडे होता वारा?"

अप्पांनी नाल्यापलीकडे हात केला. तिथली पिवळी बैठी इमारत त्यांनी रोज पाहिली होती. ती कसली, हे कधी विचारलं नव्हतं.

"धुरापासून लांब म्हणून तिथे ठेवायला लागले याला," लेक म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही.

अप्पांना भयंकर राग आला. नगरपालिकेचा, गॅसचा, वाऱ्याचा. तणतणत त्यांनी बादली उचलली आणि भट्टीसमोर तशीच धरून उभे राहिले. पेटत्या कोळशावर पाणी ओतलं की कसा लोट उठतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? वर चिंधी एव्हाना माडीकडे फिरली होती.

"जा, त्याला घेऊन इथून जा आधी," ते ओरडले.

"कुठे जाऊ, अप्पा?" लेकीने विचारलं.