धुळीचा घोर

बॅगांच्या कारखान्यात ती चेन तपासायची. समोर बॅग आली की चेन उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची, टोकाशी जरा जोर देऊन बघायची आणि अडखळली की बॅग बाजूच्या टोपलीत टाकायची. या कामामुळे तिचा स्वभाव तसा झाला, की स्वभाव तसा म्हणून हे काम तिला जमलं, हे घरात कुणालाच सांगता आलं नसतं. लहानपणी भाऊ तिला घोरपड म्हणायचा. एक तर ती बारीकसारीक गोष्टीचा घोर लावून घ्यायची, आणि एकदा लागला की मग काही केल्या सोडायची नाही.

नवरा सुतार. त्याचा उभा जन्म लाकूड कापण्यात आणि घासण्यात गेला, आणि त्या भुशानं त्याच्या छातीत कायमचं बिऱ्हाड केलं. दम लागायला लागला, मग काम सुटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात केरसुणी बंद, धूळ उडता कामा नये. आता त्यांच्या भाड्याच्या दोन्ही खोल्यांत मालकानं भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवलेला. तो काढायची परवानगी नाही, आणि त्यात तर धूळ जन्मभर राहायला आल्यासारखी. म्हणून घर सोडून जाणाऱ्या एका शेजाऱ्याकडून त्यांनी जुना व्हॅक्यूम क्लीनर घेतला होता. दांड्याला धरून उभ्यानं चालवायचा. तिच्या कमरेला वाकणं सोसत नव्हतं, त्यामुळे तो तिला बराच सोयीचा पडला.

त्या दिवशी दुपारी कारखान्यात शेजारणीचा फोन आला. नवरा दाराच्या उंबऱ्यावर बसून तडफडत होता, ओठ निळे पडले होते, आणि आत खोलीभर राखेसारखी धूळ. व्हॅक्यूमची पिशवी फुटली होती. ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. दुसऱ्या दिवशी मास्क निघाल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, की मशीनला पाय अडखळला, ते पडलं आणि फुटलं.

झालं. मशीन सकाळी कोपऱ्यात तसंच उभं ठेवून ती कामाला गेली होती. कपाटात ठेवायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात घरी सोडू, पण घर स्वच्छ हवं. शेजारणीनं आणि तिनं ओल्या फडक्यांनी वरची धूळ टिपली होती, गालिच्यातली मात्र तशीच. नवा व्हॅक्यूम घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तो असा हवा होता की फुटणार नाही, गळणार नाही, ऐन वेळी दगा देणार नाही.

धाकटी नणंद तिच्याबरोबर दुकानात आली. नणंद गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून रोज मरण डोळ्यांसमोर बघायची, आणि तरी संध्याकाळी हसत घरी यायची. तिला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. पण वहिनीनं पहिल्याच मशीनचा धुळीचा डबा काढला, बसवला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला. खिटी प्लास्टिकची होती. विक्रेता हसून म्हणाला, हे काही तुटत नाही. तिनं आणखी पाच-सहा वेळा काढलं-घातलं, तेव्हा तो हसायचा थांबला.

मग बिनवायरचं एक बघितलं. हलकं, फुलासारखं, पण बॅटरी दोन-तीन वर्षांनी बसणार हे त्यानंच सांगितलं. दुसऱ्याला पारदर्शक डबा होता, धूळ गरगरताना दिसायची, विकत घेणाऱ्यांना ते फार आवडतं म्हणे. ती म्हणाली, हा रिकामा करून दाखवा. त्यानं टोपलीवर धरून खटका दाबला, धूळ भसकन खाली पडली आणि तिचा धुरासारखा लोट वर आला. ती दोन पावलं मागे सरकली. तिला तिथे दुसरंच काही दिसत होतं.

दुधानं पोळलेलं माणूस ताक फुंकतं, पण ही तर पाणीसुद्धा फुंकायला लागली होती. तासाभरानं नणंदेनं तिला हाताला धरून बाहेर आणलं.

"वहिनी, तू अशी प्रत्येकात खोट काढत बसलीस तर दादा घरी येईल आणि गालिचा तसाच असेल."

"आणि हेही फुटलं तर?"

नणंदेनं मग एक बरी गोष्ट सुचवली. बाजाराच्या मागच्या गल्लीत जिन्याखाली एक दुरुस्तीवाला बसतो. कुठली मशीन टिकतात ते त्याला विचार, आणि जुनं मशीनही त्याला दाखव, काय झालं होतं ते तरी कळेल.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिनं जुनं मशीन जाड पिशवीत बांधलं आणि ते घेऊन एकटीच गेली. दुरुस्तीवाला उतारवयाचा, चष्मा कपाळावर, चारी बाजूंना मिक्सर, इस्त्र्या आणि पंख्यांची पाती. सगळ्यात कमी कुठलं मशीन दुरुस्तीला येतं, असं तिनं विचारलं. त्यानं थोडा विचार केला.

"ताई, माझ्याकडे येतात ती सगळी बिघडलेलीच. न बिघडलेली मला कुठे भेटणार?"

तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मग त्यानंच समजावलं, की बिघडत नाही असं मशीन नसतं. बिघडलं तर उघडता येतं का, पट्टा बदलता येतो का आणि पिशव्या मिळतात का, एवढं बघायचं. असं म्हणत त्यानं नाकावर रुमाल बांधला, जुनं मशीन बाहेर पायरीवर नेलं आणि उघडलं. फाटलेली कागदी पिशवी अजून आतच होती. ती त्यानं उजेडात धरली.

"ही एकदा भरली की टाकून द्यायची असते. ही तर कुणीतरी उघडून, झटकून पुन्हा चिकटवलीय. एकदा नाही, पुष्कळदा. आणि हातात कसब आहे हो. पण कागद शेवटी कागदच. कडेनं उसवलाय बघा."

तिनं पिशवी हातात घेतली. गोंदाची रेघ सरळ, सुतासारखी, कुठे थेंब सांडलेला नाही. वर दाबून ठेवलेल्या लाकडी पट्टीचा ठसा कागदावर उमटलेला होता. अशी रेघ या गावात कुणाच्या हातची असेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. घरातल्या प्रत्येक खणाला आणि फळीला तीच रेघ होती.

मशीन पडून फुटलं का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, पडल्याची खूणच नाही, साधा ओरखडाही नाही. चालू असताना फुटलंय. आणि या मॉडेलच्या पिशव्या कधीच बनायच्या बंद झाल्यात.

हॉस्पिटलात जाईपर्यंत तिच्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते तिलाच ठाऊक. आपण कपाटात मशीन ठेवलं नाही म्हणून चार दिवस स्वतःला खात बसलो, आणि हा माणूस मूग गिळून पडून राहिला. आधी राग आला. मग त्याच्या निळ्या ओठांची आठवण आली आणि राग कुठे ठेवावा कळेना. वॉर्डात पोचली तेव्हा तो उशांना टेकून बसला होता. तिनं स्टूल ओढलं आणि आवाज न चढवता विचारलं.

"पिशवी तुम्ही चिकटवायचात?"

हळूहळू, मधेमधे दम घेत, त्यानं सांगितलं. उन्हाळ्याच्या आधी पिशव्या संपल्या, तेव्हा आणायला तो स्वतःच गेला होता. दुकानात कळलं की आता त्या येत नाहीत. ती कामाला गेली की तो जिन्यात जाऊन, तोंडाला फडकं बांधून, पिशवी झटकायचा आणि चिकटवून वाळत ठेवायचा. त्या दिवशी पुन्हा बसवली, नीट बसली का बघायला बटण दाबलं, आणि फुटली.

"मला सांगायचं होतंत ना."

"तुला सांगितलं असतं, तर तू झोपली असतीस का?"

खरंच झोप लागली नसती. पण आता तरी कुठे लागत होती?

"तुझ्या जिवाला आधीच माझा घोर," तो म्हणाला. "त्यात पिशवीचा कशाला घालू? आणि हातांना काहीतरी काम हवं होतं गं. दिवसभर नुसता बसून असतो मी."

शेजारच्या खाटेवरचे आजोबा उगाच पांघरूण सारखं करत होते. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिली. सुया टोचून हात काळानिळा झाला होता. शेवटी ती एवढंच म्हणाली, की मी घाबरले तर घाबरू दे. मला घाबरायची सवय आहे. पण न सांगता काही करायचं नाही. घाबरून मी मरणार नाही, पण असं दुसऱ्याकडून कळलं तर मात्र माझा जीव जाईल. त्यानं मान हलवली. त्या मानेवर तिचा पुरता विश्वास बसला असं नाही.

त्याच संध्याकाळी ती पुन्हा नणंदेबरोबर दुकानात गेली. विक्रेत्यानं तिला ओळखलं आणि सुस्कारा टाकला. पण या वेळी तिला काय विचारायचं ते माहीत होतं. कोपऱ्यात मागे एक बोजड, जुन्या घाटाचं उभं मशीन होतं. त्याला चमकधमक नाही, दिवे नाहीत, खालचा भाग धातूचा आणि वायर जाडजूड. विक्रेता म्हणाला, हे घरासाठी कुणी नेत नाही, लॉजवाले नेतात. तिनं खालचं झाकण उघडायला सांगितलं. दोन स्क्रू काढले की फिरता ब्रश आणि रबरी पट्टा समोर. आत जाड पिशवी, आणि बाहेर ओढली की तोंड आपोआप मिटणारी. तिनं पिशवी ओढून बघितली, उलटी धरली, हलवली. मग तिथूनच दुरुस्तीवाल्याच्या शेजारच्या दुकानात फोन लावला, त्याला फोनवर बोलावून घेतलं आणि पिशवीवरचा नंबर वाचून दाखवला. तो म्हणाला, ही पिशवी तो या धंद्यात आला तेव्हापासून बाजारात आहे आणि आणखी तीन कंपन्यांची मशीनं हीच घेतात. उद्याचं देव जाणे, पण आज तरी काळजी नाही.

"घेऊ?" तिनं नणंदेला विचारलं.

"मी घे म्हटलं तर तू घेणार आहेस का?"

तिनं घेतलं. पिशव्यांचे इतके पुडके घेतले, की विक्रेत्यानं विचारलं, तुमचंही लॉज आहे का. मशीन जिन्यानं वर चढवताना नणंदेच्या नाकी नऊ आले. हलकं होतं तेच घ्यायला हवं होतं, असं ती प्रत्येक वळणावर म्हणाली. ते ऐकून वहिनीच्याही मनात आलं, खरंच चुकलं का आपलं?

नवरा यायच्या आदल्या दिवशी तिनं दोन्ही खोल्या नव्या मशीननं साफ केल्या, मग पुन्हा एकदा केल्या. मशीन गुरगुरायचं आणि तिचा कान त्या गुरगुरण्याला चिकटलेला असायचा. दाराजवळ गालिच्याचा सुटलेला दोरा ब्रशमध्ये गेला आणि मशीन एकदम किंचाळून बंद पडलं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि पहिली नजर पिशवीकडे. कुठे काही उडालं नव्हतं, खोली स्वच्छ होती. ती खाली बसली, प्लग काढला, कात्रीनं दोरा कापला, प्लग लावला. मशीन चालू झालं. राहिलेली खोली तिनं पिशवीवरची नजर न काढता साफ केली.

तो घरी आला. बारीक झाला होता. खोलीत उभा राहून त्यानं हळूच श्वास घेतला, मग थोडा मोठा घेतला. ती बघत होती हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं तिसरा घेतला नाही. मशीनपाशी गेला, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, चांगलं जोडलंय.

पिशवी बदलायचं काम तिचं ठरलं. त्यानं तेवढा वेळ बाहेर शेजारणीकडे बसायचं, हेही ठरलं. पहिले काही दिवस ती कारखान्यातून फोन करून उगाच काहीतरी विचारायची, आणि तो उगाच काहीतरी उत्तर द्यायचा. मग एका सकाळी चहा घेताना तो आपण होऊन म्हणाला, "पहाटे छातीत घरघर होती. दोनदा पंप घ्यावा लागला."

एरवी तिनं लगेच दहा प्रश्न विचारले असते. ते सगळे ओठांपर्यंत आलेही. ती फक्त "आत्ता कसं आहे?" असं म्हणाली. आत्ता बरं आहे, तो म्हणाला. ती कामाला गेली. संध्याकाळी दोघं डॉक्टरांकडे जाऊन आले. औषध थोडं वाढवलं, बाकी काही नाही.

मशीन टिकलं. हिवाळे आले-गेले, मशीन चालूच आहे. मधे एकदा कारखान्यात फोन आला. नवरा म्हणाला, मशीनचा पट्टा तुटलाय. दुपारी शेजारणीची मुलगी खोली साफ करत होती, तेव्हा रबराचा वास आला म्हणून तिनं बंद केलं. मी हात लावलेला नाही.

"खरंच नाही ना?"

"नाही. तू येताना पट्टा घेऊन ये. कुठल्या अंगानं चढवायचा ते मी सांगतो."

त्या पाळीत तिच्या हातून एक अडखळणारी चेन चांगल्या बॅगांत गेली आणि मुकादमानं ती परत आणून दिली. सुटल्यावर ती दुरुस्तीवाल्याकडून दोन पट्टे घेऊन आली, न जाणो, एक चढवताना तुटला तर. नवरा दाराबाहेर स्टुलावर बसला, तोंडाला रुमाल लावून. ती आत गालिच्यावर वर्तमानपत्र पसरून, कमरेला उशी बांधून, मशीन आडवं करून बसली. तो बाहेरून सांगत होता, आधी मोटरच्या दांडीवर, मग ब्रशवर, उलटा नको. तिनं उलटा चढवला होता. काढला आणि त्यानं सांगितलं तसा पुन्हा चढवला.