शालीवरचं गाऱ्हाणं

बाबा गेल्यापासून आमच्या दहिसरच्या घरात रोज दिवाबत्ती झाली की आई देवघरासमोर बाबांची लोकरी शाल चौघडी करून ठेवायची, तिच्यावर माझा जुना लॅपटॉप, आणि मग बाबांचं गाऱ्हाणं लावायची. शेवटच्या गणपतीत गावच्या घरी, घरातल्या एकेकासाठी देवाकडे मागत बाबांनी घातलेलं ते गाऱ्हाणं मी मोबाईलवर टिपलं होतं. तो मोबाईल पुढे बिघडला, त्यामुळे उरलं ते लॅपटॉपमध्येच. त्यातलं अगदी शेवटचं मागणं आईसाठी होतं. तेवढ्यासाठी ती सगळं ऐकायची. ज्यात ह्यांचा आवाज आहे ते नुसत्या लादीवर कसं ठेवायचं, म्हणून शाल.

शालीने लॅपटॉपची खालची हवेची भोकं बुजतात, हे मी तिला सांगून सांगून थकले. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाल. एका संध्याकाळी आतून खटखट आवाज आला आणि स्क्रीन काळी झाली. हात लावला तर चटका बसला.

"आई, लावलीस ना वाट! किती वेळा सांगितलं तुला!"

"माका काय ठावक गे," म्हणत ती शालीच्या पदराने लॅपटॉपला वारा घालू लागली. तिच्याकडे बघून माझा राग तिथेच गळाला. रडूच आलं मला.

कांदिवलीच्या दुकानात निदान झालं: तापून तापून हार्ड डिस्क गेली. निघेल तेवढं काढून देतो, पण खात्री नाही, असं दुकानदार म्हणाला. नवीन कोणती घालायची, तेही विचारलं. हार्ड डिस्कमध्ये जागा भरपूर. एसएसडीत तेवढ्याच पैशात जागा कमी, पण आत फिरणारं काही नसतं, त्यामुळे तापते कमी. मी जागेचा विचार करत उभी होते.

"जा तापना नाय, ता घे," आई म्हणाली. "माका त्यात एकच तर ठेवचा आसा."

एसएसडी घातलेला लॅपटॉप घरी आला, तेव्हा आईने शाल कपाटात ठेवून लाकडी पाट मांडला. फाईल उघडली. बाबांचा आवाज आला तशी ती सावरून बसली. देवाला हाक मारून झाली, परगावी नोकरीला असलेल्या भावासाठी मागून झालं, माझ्यासाठी मागून झालं आणि आवाज तुटला. पुढचं निघालंच नव्हतं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच तुटलं.

आईला सगळं पाठ होतं. तिने हात जोडले, बाबांच्याच चालीत पुढचं म्हणायला घेतलं, आणि स्वतःचं मागणं आलं तशी थांबली. स्वतःसाठी तिला मागवेना. आमच्याकडे गाऱ्हाणं बाप्येच घालतात, मी जन्मात कधी घातलं नव्हतं. पण आता घरात दुसरं होतं कोण?

"माझ्यामागसून हिका एकटी सोडू नको रे, म्हाराजा," मी बाबांच्याच शब्दांत म्हणाले.

गाऱ्हाण्याला सगळ्या घराने मिळून होकार द्यायचा असतो. आईने डोळे पुसले आणि तो एकटीने दिला. "व्हय म्हाराजा."