बाबू लाटकरची टेप

दुपारचे साडेतीन वाजलेत. अच्युतराव केळुस्कर कॉटवर आडवे झालेत खरे, पण डोळा लागू नये अशीच त्यांची इच्छा आहे. पाच वाजता नातीचा फोन येणार आहे आणि तिला उत्तर द्यायचं आहे. उत्तर कागदावर तीनदा लिहून तीनदा खोडलंय. चौथ्यांदा उतरलं ते छातीवर पालथं ठेवून ते पंख्याकडे बघत पडलेत.

नात, मृण्मयी, इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका गावात सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. गावातल्या आवाजांचा संग्रह सांभाळणं हे तिचं काम. त्या गावचा टोलर नावाचा एक रॅपर आहे. अर्धं गाव त्याचं तोंड भिंतीवर रंगवतं आणि उरलेलं अर्धं ती भिंत पुसून घ्यायला अर्ज देतं. त्यानं पोलिसांना शिव्या दिल्यात, नगरपालिकेला दिल्यात. एका गाण्यात बायकांबद्दल असं काही बोललाय की पुढे जाहीर माफी मागावी लागली. आणि दुसऱ्या एका गाण्यात, पहाटे ऑफिसं झाडायला जाणाऱ्या आपल्या आईबद्दल असं काही बोललाय की अच्युतरावांनी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

त्याच्या अगदी पहिल्या चार गाण्यांची एकच प्रत आहे, ती या ग्रंथालयात. तक्रारी आल्या, तशी ग्रंथालयाच्या समितीनं मृण्मयीकडे टिपण मागितलं: हे पन्नास वर्षांनी कुणी ऐकेल का? नाही म्हणाली तर प्रत निकालात निघणार.

"आजोबा, तुम्ही एकतीस वर्षं हेच काम केलंत," ती म्हणाली होती. "तुम्ही सांगाल तेच मी लिहीन."

तेच तर. अच्युतराव एका रेडिओ केंद्राच्या टेप लायब्ररीत होते. टेपा कमी, कार्यक्रम फार. दर तीन महिन्यांनी यादी यायची, आणि कुठली टेप जपायची, कुठली पुसून पुन्हा वापरायची, ते शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं. आपल्याला गाण्यातलं काय कळतं, असं त्यांना तेव्हाही वाटायचं. पण रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती.

पंख्याचा आवाज हळूहळू जड होतो. एक पातं दुसऱ्यामागं धावतंय असं वाटतं. मग तो पंखा राहत नाही, टेपची चकरी होते, आणि कुणीतरी ती हातानं उलटी गुंडाळतंय.

कॉटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक उभे आहेत. केंद्रातलेच, हिरवट रंगाचे. पायथ्याशी, उंच स्टुलावर एक माणूस बसलाय. बंडी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, केसांत कापसाची पांढरी कुसळं.

"काय साहेब, गावली का टेप?"

हा बाबू लाटकर. इचलकरंजीचा माग कामगार. जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली.

"शोधतोय," ते म्हणतात.

"शोधा, शोधा. घाई न्हाई. मला आता कुठं पाळीवर जायाचं हाय."

एकोणऐंशी साली बाबूनं केंद्रावर येऊन एक गाणं म्हटलं होतं. गाणं म्हणजे काय, यंत्रमागाच्या खटाखटीवर तोंडानं धावायचं. मालकाला शिव्या, पुढाऱ्याला शिव्या, मधेच स्वतःच्या सासऱ्यालाही. एकदाच प्रसारित झालं आणि पत्रांचे दोन ढीग पडले. एका ढिगात 'पुन्हा लावा', दुसऱ्यात 'ही घाण बंद करा'. पुढच्या यादीत अच्युतरावांनी शेरा लिहिला, टेप पुसली गेली, आणि तिच्यावर द्राक्षांवरच्या भुरी रोगाबद्दल पंधरा मिनिटांचं भाषण चढलं. नंतर बाबू तीनदा आला. आईला ऐकवायचंय, एकदा लावून दाखवा, म्हणाला. तिन्ही वेळा अच्युतराव म्हणाले, शोधतोय. चौथ्यांदा तो आला नाही. त्याच्या जाण्याची बातमी आली.

"आई कशी आहे?" अच्युतराव विचारतात, आणि विचारल्यावर आपलीच लाज वाटते.

"हाय की. माज्याच शेजारी हाय. ती बी इचारती, गावली का म्हणून."

रॅकमधल्या टेपांची पुस्तकं झालीत. खाली गालिचा आहे, खिडकीबाहेर विटांची बुटकी घरं आणि करडं आभाळ. ग्रंथालयाच्या काउंटरमागं अच्युतराव बसलेत, अंगात घरचा सदरा-पायजमा. समोर रांग लागलीय. गोरी माणसं, गुजराथी बायका, हातात काठ्या घेतलेले म्हातारे, सगळ्यांच्या हातात पत्रं. रांगेत बाबूही उभा आहे, बंडीवरच. त्याला थंडी वाजत नाही.

काउंटरवर छापील फॉर्म आहे. शेऱ्याचा रकाना. भिंतीवरच्या घड्याळात पाचाला दहा कमी आहेत.

"लवकर करा," रांगेतून कुणीतरी मराठीत म्हणतं.

अच्युतराव पेन उचलतात. पेन आपणहून चालू लागतं, बाबूच्या टेपवरचाच शेरा लिहितं: 'कालांतराने श्रोत्यांना यात रस राहील असे वाटत नाही.' ते खोडतात, पेन पुन्हा तेच लिहितं. अक्षर त्यांचंच आहे, तरुणपणीचं, उजवीकडे झुकणारं, आत्मविश्वास असल्याचं सोंग करणारं.

बाबू रांग मोडून पुढे येतो. काउंटरवरचा मोठा हेडफोन उचलून कानाला लावतो, डोळे मिटतो, मान हलवतो.

"कोण हाय ह्यो?"

"टोलर म्हणतात त्याला. इथलाच आहे."

"भाषा कळंना. पर शिव्या कुणाला देतोय ते कळतंय." तो हसतो. "मुकादमच आसणार."

"चांगलं आहे का, बाबूराव?" अच्युतराव अगतिक होऊन विचारतात. "तुम्हीच सांगा. मला नाही कळत."

"आर्धं चांगलं हाय."

"आणि अर्धं?"

"आर्धं थुकून टाकावं आसं. माजं बी तसंच हुतं की. सासऱ्याचं कडवं वाईटच हुतं. बायको चार दिवस बोलली न्हवती."

"मग पन्नास वर्षांनी कोण ऐकेल हे? काळाच्या कसोटीला..."

"कुठला काळ?" बाबू हेडफोन काढतो. त्याच्या आवाजात राग नाही. "आवो, काळ आला कुठं माजी परीक्षा घ्यायला? तीन म्हयन्यात तुमचा शेरा पडला. काळ दारातच हुभा ऱ्हायला बिचारा."

रांग पुढे सरकलीय. माणसं काउंटरला खेटलीत. पाचाला पाच कमी. खोलीत कापसाची बारीक धूळ उडू लागते, पुस्तकांच्या ओळींमधून यंत्रमाग डोकं वर काढतात, पट्टे फिरू लागतात, सूत घेऊन धोटे या टोकाचे त्या टोकाला धावतात. लेस्टरची घरं पत्र्याच्या शेडची झालीत. आवाज एवढा की कानात बोट घातलं तरी दातांत ऐकू येतो.

"मी चुकलो असेन," अच्युतराव ओरडून सांगतात. "पण कुणीतरी निवडायला तर हवं. सगळंच कसं ठेवणार? जागा नव्हती, बाबूराव."

"खरं हाय. जागा न्हवती." बाबू दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभा आहे. "त्येचं न्हाई कायच. कुणाचं तरी जाणारच की. पर तीनदा आलो तवा 'शोधतोय' का म्हणाला वं?"

अच्युतरावांकडे उत्तर आहे. एका शब्दाचं आहे. भीती. कारकुनाची, भिडस्त माणसाची, समोरच्याचा चेहरा पडलेला बघवत नाही त्याची. पण ते समोरच्या फॉर्मची कड सरळ करत बसतात.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या," बाबू म्हणतो. "तुमी ऐकलं हुतं न्हवं? पुसायच्या आदी?"

"दोनदा."

"दुनियेत ते ऐकल्यालं आन ध्यानात ऱ्हायल्यालं तुमीच एकटं उरलाय, साहेब. म्हणा बगू."

"मला गाता येत नाही."

"मला तरी कुठं येत हुतं?"

मागाचा ठेका पायातून वर चढतो, गुडघ्यात येतो, हातात येतो. अच्युतराव समोरच्या लोखंडावर बोटांच्या पेरांनी ठेका धरतात. उभ्या आयुष्यात चारचौघांत ते कधी गुणगुणलेलेही नाहीत. ते तोंड उघडतात.

"बाबा. अहो बाबा."

दारात सून वैजयंती उभी आहे, हातात फोन. पंखा पंख्यासारखा फिरतोय. कागद जमिनीवर पडलाय.

"काय वाजवत होता मघापासून? मला वाटलं बाहेर कुणी दार ठोठावतंय. येऊन बघते तर तुम्ही झोपेत कॉटची पट्टी बडवताय, आणि वर गाणं."

"गाणं?"

"मग काय. आमच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला सांगितली तर पाणी प्यायला म्हणून गेलात ते गेलात. म्हणून म्हटलं पुरावा असावा. हे बघा."

ती फोन पुढे धरते. पडद्यावर त्यांची मिटलेली पापणी, दाढीची पांढरी खुंटं, लोखंडी पट्टीवर आपटणारी बोटं. आणि एक घोगरा, घाईतला आवाज, जो त्यांना आपला वाटत नाही.

*धोटा गेला, धोटा आला, मी हितंच हुभा,
सारा मुलूख नेसून बसला...*

इथं ते संपतं. तिनं हाक मारली तिथं. सगळं मिळून एकोणीस सेकंद.

अच्युतराव पुन्हा लावायला सांगतात. पुन्हा ऐकतात. पुढची ओळ आठवून बघतात, नाही. हे तरी बाबूचंच आहे, की आपल्या मनानं जुळवलं, याचीही आता खात्री नाही. विचारायचं कुणाला?

"मृण्मयीला पाठवलंय मी, हसेल जरा," वैजयंती म्हणते. "माझ्यातलं पुसून टाकते, बाबा. फोन भरलाय नुसता."

"नको."

एवढ्या पटकन त्यांनी कधी कुणाला उत्तर दिलेलं नाही.

"असू दे. निदान पुढचं मला आठवेपर्यंत असू दे. नाही आठवलं तरी असू दे."

तिच्या हातातच फोन वाजतो. पाच वाजलेत. पडद्यावर मृण्मयी, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, हातात डबा.

"आजोबा, हे काय पाठवलंय आईनं? कुणाचं आहे हे? तीनदा ऐकलं मी. आणि आधी सांगा, टोलरचं काय लिहू?"

अच्युतराव उठून बसतात. बोटांची पेरं ठणकतायत. जमिनीवरचा कागद ते उचलत नाहीत.

"त्याचं टिकेल की नाही, मला माहीत नाही, बाळ. तसंच लिही. माहीत नाही, म्हणून ठेवावं."

"एवढंच? समिती कारण विचारेल."

"कारण आहे." वैजयंती दारातून आत येऊन खुर्चीवर बसते. "बाबू लाटकर नावाचा एक माणूस होता. त्याची एक टेप माझ्याकडे होती. ती मी पुसली, आणि तो विचारायला आला तेव्हा त्याला सांगितलं नाही."