मागच्या दारानं गेलेला

दुपारचे तीन वाजलेत. दगडूअण्णा जगदाळे कॉटवर आडवे आहेत आणि झोप येते न येते अशा घटकेला येऊन ठेपलेत. पंख्याचा आवाज मधूनच लांब जातो, मधूनच कानाशी येतो. स्वयंपाकघरात बायको उद्याची डाळ निवडतेय. उशीखाली मोबाईल आहे, आणि त्यात सकाळी आलेला निकाल. तो अण्णांनी सात वेळा वाचलाय.

झालं ते असं. पुण्यातल्या लेकीला, केतकीला, डीएनए तपासणीचं खूळ लागलं. नळीत थुंकायचं, नळी पाठवायची, की आपले पूर्वज कुठून कुठे आले ते कळतं म्हणे. जगदाळ्यांच्या पूर्वजांचा अण्णांना भारी अभिमान, म्हणून ते हौसेनं थुंकले. त्यांची थोरली बहीण अनसाक्का "थुकाया बी आता पुन्याला धाडाय लागतंय व्हय?" असं म्हणत थुंकली. निकाल आला तेव्हा पूर्वज राहिले बाजूलाच. या दोघा भावंडांचं एकमेकांशी रक्ताचं नातं दिसत नाही, असं त्यात लिहिलेलं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून केतकीनं दुसऱ्या ठिकाणी पुन्हा नमुने दिले, या खेपेला चुलतभाऊ बबनरावांचाही. आज सकाळी तो निकाल आला. अक्का आणि बबनराव एका रक्ताचे आहेत. अण्णा दोघांचेही कुणी नाहीत.

भूमापन खात्यात तेहेतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजणाऱ्या माणसाच्या पायाखालची जमीन ही अशी सरकली. अक्काला अजून काही सांगितलेलं नाही. ती कालच आलीय, कारण उद्या आईचं वर्षश्राद्ध. भटजी विचारणार, मुलगा कोण, आणि अण्णांनी पुढं सरायचं. सरायचं का? हौसाबाई जगदाळेंना पाणी द्यायचा आपल्याला हक्क तरी आहे का? सकाळपासून अण्णा या एका प्रश्नाभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरतायत. आई आपल्याशी खोटं बोलली असं म्हणायला मन धजत नाही, आणि न म्हणावं तर दुसरं काही सुचत नाही.

स्वप्नात आलीच तर तिलाच विचारू, असं म्हणता म्हणता पापणी जड होते. पण येतं ते भलतंच कुणी.

अण्णा भूमापन कचेरीत उभे आहेत. तेच टेबल, तेच गुंडाळलेले नकाशे, पण खालची फरशी जाऊन शेणानं सारवलेली जमीन आलीय. कपाटातून ओव्याच्या धुरीचा आणि बाळंतशेपांचा वास येतोय. अण्णांच्या खुर्चीत एक माणूस बसलाय. साठीचा. गालफडं बसलेली, मिशा पांढऱ्या, आणि डोक्याला तान्ह्या बाळाची कुंची, हनुवटीखाली बंद बांधलेली. अण्णांना हसू येणार इतक्यात त्यांना त्याचं नाक दिसतं. ते जगदाळ्यांचं नाक आहे. अण्णांच्या वडिलांचं, आजोबांचं, बबनरावांचं, पोपटाच्या चोचीसारखं. 'माझं आईवर गेलंय' असं सांगून अण्णांनी जन्मभर आपल्या बसक्या नाकाची भरपाई केलेली.

"कोण पाहिजे आपल्याला?" अण्णा सरकारी आवाजात विचारतात.

"तुलाच गाठाय आलोय," तो म्हणतो. "खुर्ची तुझीच हाय. मी जरा टेकलोय."

"नाव काय?"

"नाव ठिवायचं ऱ्हायलं. त्याच्या आदीच ग्येलो."

"कुठं गेलात?"

"मागल्या दारानं. सुपातनं."

सुपाची गोष्ट अण्णा आईच्या तोंडून हजारदा ऐकत आलेत. अक्काच्या पाठीवर हौसाबाईंची तीन पोरं एकामागून एक गेली. मग चौथ्या खेपेला मरणाला फसवायची जुनी रीत केली. बारशाच्या आदल्या दिवशी तान्हं सुपात घालायचं आणि टाकून दिल्यासारखं मागच्या दारानं सुइणीच्या हाती द्यायचं. सुइणीनं गावाबाहेरून वळसा घालून पुढच्या दारी यायचं आणि भाजीवालीसारखी हाळी द्यायची. मग आईनं पसाभर जोंधळा देऊन स्वतःचंच पोर विकत घ्यायचं आणि त्याचं नाव ठेवायचं दगडू. विकतचा दगड कोण कशाला चोरील? कचेरीत चहा पिताना अण्णा ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे.

"जाताना सुपात मी व्हतो," कुंचीवाला म्हणतो. "येताना तू."

अण्णा टेबलाची कड धरतात.

"चल, दावतो," म्हणत तो उठतो आणि कचेरीचं मागचं दार उघडतो. कचेरीला मागचं दार कधीच नव्हतं.

बाहेर ओढा आहे. ओढ्यापल्याड कॅनॉलच्या कामावर आलेल्या वडारांची पालं, फोडलेल्या दगडांचे ढीग, उन्हात चकाकणारी खडी. अण्णांना हे दृश्य पाठ आहे. अशीच पालं त्यांनी नोकरीत दोनदा उठवायला लावली होती. सरकारी हद्दीत अतिक्रमण, असा शेरा स्वतःच्या हातानं मारून.

येसाबाई सुईण दगडावर उकिडवी बसलीय. मांडीवर सूप आहे, आणि सुपातल्या इवल्या छातीवर ती तळहात घासतेय. आधी भराभर. मग हळू. मग तिचा हात थांबतो.

"आकडी आली," अण्णांच्या शेजारचा म्हणतो, जणू काल पाऊस पडला असं सांगावं. "वाटंतच. येसाबाईचा दोष न्हाय."

"हा तू?"

"ह्यो मी. आन त्यो तू."

पालात एक बाई पालथ्या हातांनी निजलीय, तोंडावरून लुगडं ओढलेलं. तिच्या कुशीशी चार दिवसांचं पोर रडून रडून निळं पडलंय. दाराशी एक माणूस बसलाय, त्याच्या पाठीला लहान लहान दोन लेकरं चिकटलेली. त्याच्या मांडीवर हात आहेत, आणि ते बघून अण्णा स्वतःचे हात समोर धरतात. आखूड, रुंद, पुढं चपटे झालेले आंगठे. जगदाळ्यांच्या सात पिढ्यांत तसे आंगठे नाहीत. एकट्या अण्णांना आहेत.

"त्यांचं नाव काय?"

"मला काय ठाव? मी त्या वक्ताला मरायच्या गडबडीत व्हतो."

येसाबाई उठून पालाच्या दाराशी जाते. तो माणूस आधी सुपाकडं बघतो, मग रडणाऱ्या पोराकडं, मग आपल्या मेलेल्या बायकोकडं. येसाबाई सुपातलं पोर काढून पदरात घेते. तो आत जातो, पोर उचलतो, त्याचे दोन्ही तळपाय आपल्या कपाळाला लावतो आणि ते सुपात ठेवतो. अण्णांना धावत जाऊन त्या माणसाचे हात धरावेसे वाटतात. तुमची पालं मी उठवली हो, असं सांगावंसं वाटतं. पाय उचलत नाहीत. साठ वर्षं ज्या बाजूचं नखही आपल्याला लागलं नाही असं ते समजत होते, ती बाजू पाच पावलांवर उभी आहे, आणि तिथं जायला रस्ता नाही.

"घ्या गं बाई, पोर घ्या पोर."

हाळी देतेय येसाबाई, आणि दार आता घराचं आहे. पुढचं. आतून आजोबा कुणाला तरी बजावतायत, ह्ये बी टिकलं न्हाय तर माझ्या ल्योकाचं, दौलतीचं, दुसरं लगीन लावनार म्हंजी लावनार. उंबऱ्यात हौसाबाई उभ्या आहेत. सव्वीस वर्षांच्या. अण्णांनी आईला इतकी कोवळी कधी पाहिली नाही. लुगड्याचा पदर छातीवर ओला झालाय.

ती वाकून सुपात बघते.

अकरा दिवस जिनं पोर अंगावर पाजलं, तिला कळत नाही असं होईल का? कळलं. डोळ्यांतून कळलेलं दिसतं. ती येसाबाईकडं बघते. येसाबाई मान खाली घालते. ती एकदा लांब ओढ्याकडं बघते. आत आजोबा खाकरतात. मग तिचा पसा पुढं येतो आणि जोंधळे सुपाच्या कडेला सांडतात.

"घेतला," ती म्हणते. "दगडू म्हना ह्याला."

आणि तिथंच उंबऱ्यावर बसून त्याला पदराखाली घेते.

"म्हणजे तिला माहीत होतं," अण्णा म्हणतात.

"पयल्यापासनं."

"साठ वर्षं? आणि मला एका शब्दानं..."

"तुला कशी सांगंल? तिला माझ्यासाठनं रडता बी आलं न्हाय. रडली असती तर घराला कळलं असतं, पोर ग्येलं म्हनून."

अण्णा खाली बसतात. आई मयताला जायची. ओळखीच्या, बिनओळखीच्या, कुणाच्याही. परगावच्या माणसाचं कळलं तरी जायची, आणि अशी ऊर फोडून रडायची की घरचीच माणसं गप्प होऊन तिच्याकडं बघत राहायची. हौसाबाईला रडायला मयत पुरत नाही, असं गाव हसायचं. अण्णाही हसायचे. एकदा तर चारचौघांत तिला रागावले होते, की आपली शोभा होते म्हणून. तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं.

"उद्या तू ये," अण्णा म्हणतात. "पाणी तू दे. हक्क तुझा आहे."

"आन हात कुटनं आनू?" तो कुंचीच्या आतून बघतो, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात धार येते. "तिला दवाखान्यात कुनी न्हेली? तिची नखं कुनी काढली? शेवटाला तिला कुनी पाजलं चमच्यानं? मी अकरा दिस तिचा, तू साठ वर्सं. मोजनीदार न्हवं तू? लोकाला इचारत व्हतास न्हवं, वहिवाट कुनाची म्हनून?"

"रक्त तिचं नाही माझ्यात."

"तिनं बघून घेतलंय तुला. मी तर नुसता झालो तिला. तुला बघून, समजून, घेतला म्हनली. त्ये तू उद्या खोटं पाडनार व्हय?"

उंबऱ्यावरची कोवळी बाई मांडी हलवत बसलीय. तिनं वर बघावं, असं अण्णांना फार वाटतं. ती बघत नाही. तिचं सगळं लक्ष पदराखाली आहे, त्यांच्याकडेच.

"मग तुझं काय?" अण्णा विचारतात.

"माझं काय असनार. येसाबाईला घाई व्हती. वड्याकाठी पुरलं, दोन धोंडं वर ठिवलं आन ग्येली. मला आपल्या मानसानं कुनी उचलून न्हेलंच न्हाय." तो जरा लाजल्यासारखा हसतो. "तेवढं करतोस?"

अण्णा उठतात. साठीचा गडी कसा उचलायचा म्हणून कंबर कसून वाकतात, आणि उचलतात तर तो पोत्याएवढा आहे. पहिल्या पावलाला अर्धं पोतं. दुसऱ्या पावलाला कुंची त्याच्या डोक्याला सैल होते. तिसऱ्या पावलाला ती बरोब्बर बसते. अण्णा त्याला खांद्यावर घेतात, मान हातानं सावरतात, केतकीला सावरायचे तशी. ओढा दिसतो, मग दिसत नाही, मग कचेरीचा व्हरांडा येतो, मग नुसता उन्हाचा पांढरा पट्टा. अण्णा चालतायत. पाठीवर थोपटतायत. खांद्यावर एक बारीकशी उचकी लागते.

"सुपात घालायच्या आदी आयनं पाजलं व्हतं," कानापाशी बोलणं येतं, आता फार बारीक. "तवाधरनं पोटात तसंच हाय."

"दगडू, आरं ऊठ. दगडू."

अनसाक्का दंडाला धरून हलवतेय. "भटजीचा फोन आला व्हता. सकाळी आठाला येतो म्हनला. इचारत व्हता, पिंडाला कोन बसनार? मी म्हनलं, ह्ये काय इचारनं झालं? आन तू ह्यो असा..."

ती बोलता बोलता थांबते. अण्णा कॉटवर उठून बसलेत. अक्का त्यांच्या डाव्या खांद्याकडं बघतेय. सदऱ्यावर तळहाताएवढा ओला डाग आहे, पांढरट, मध्ये फुटलेल्या दुधासारखे बारीक कण. ती बोट लावते. बोट नाकाशी नेते. तीन पोरं आणि पाच नातवंडं खांद्यावर वाढवलेल्या बाईला तो वास कुणी सांगायला लागत नाही. या घरात गेल्या वीस वर्षांत तान्हं मूल आलेलं नाही.

"कुनाचं पोर घेतलं व्हतंस रं?" तिचा आवाज एकदम खाली येतो.

अण्णा खांद्याला हात लावतात. डाग अजून कोमट आहे.

"आपलंच," ते म्हणतात. "बस अक्का. सांगतो."