चिंधू कोतवालाची कंबर

कळंबच्या जत्रेहून परतलेल्या माणसाला घरची मंडळी दोन गोष्टी हमखास विचारत. चिंतामणीचं दर्शन नीट झालं का, आणि चिंधू कोतवाल आला होता का?

चिंधू कोतवाल म्हणजे विठ्ठलरावांच्या खेळातली हातभर उंचीची कळसूत्री बाहुली. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी, एक डोळा जरा तिरपा. समोर पाटलाची बाहुली आली की चिंधू ‘जोहार जी, जोहार’ करत कमरेत असा दुमडायचा, की त्याचं मुंडासं निसटून थेट पाटलाच्या जोड्यावर पडायचं. ते उचलायला तो पुन्हा वाकायचा, मुंडासं पुन्हा पडायचं. उमरखेडपासून पांढरकवड्यापर्यंत लोक त्या एका वाकण्यासाठी रात्रीचं जेवण उरकून घाईनं येऊन बसत आणि पोट धरधरून हसत.

उकंडासुद्धा लहानपणापासून हसत आला होता. त्याच्या वस्तीतल्या माणसांना खेळ पाहायला लांबची, उकिरड्याकडची बाजू ठरलेली होती. तिथून चिंधूचा तिरपा डोळा दिसत नसे, पण वाकणं दिसे. उकंडाचा बाप गावचा खराखुरा कोतवाल होता, हे तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे. उकंडाच्याही नाही.

बाप वारला. पुढं छप्पन्नच्या दसऱ्याला उकंडा, त्याची बायको कौसल्या आणि म्हातारी आई तुळसाबाई नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. घरातले देव नदीला गेले. बापाच्या मागं उकंडाकडं आलेली कोतवालकीची काठी त्यानं चावडीत नेऊन ठेवली, आणि पोटासाठी पांढरकवड्याच्या लाकूड डेपोत जाऊ लागला. काम सागवानाचे ओंडके लोटायचं. पण हात स्वस्थ बसत नव्हता. डेपोतले टाकाऊ तुकडे मागून आणून तो पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी चाकांचे बैल करी. बैल असे डौलदार, की लोक दुरून येऊन घेऊन जात. तरी डेपोत कुणी हाक मारली तर ती ‘ए, ओंडकेवाल्या!’ अशीच. आपल्याला एकदा तरी कुणीतरी कारागीर म्हणावं, एवढीच त्याची हाव होती.

अशात एक दिवस विठ्ठलराव स्वतः त्याच्या दारात उभे राहिले. काखेत फडक्याचं गाठोडं होतं.

“उकंडा तूच ना रे? पोळ्याचे बैल करतो तो?”

“हो जी. बसा.”

विठ्ठलरावांनी गाठोडं सोडलं. आत चिंधू होता. छकड्यात कंदील कलंडला आणि त्याचा अर्धा देह जळून गेला होता. एक हात नाही, चेहऱ्याचा कोळसा. तिरपा डोळा तेवढा शाबूत.

“माह्या बापानं केलता हा,” विठ्ठलराव म्हणाले. “मले खेळवता येते, घडवता येत नाई. याच्याशिवाय जत्रेत कोण उभं करन मले? हुबेहूब असाच करून दे. जमला, तं पाटील, सावकार, नाचीण, सगळ्या बाहुल्या तुह्याच हातच्या. कारागीर म्हणून नाव सांगीन तुह्यं खेळाच्या आधी.”

  जळका चिंधू उकंडानं दोन्ही हातांनी घेतला.

कामाला लागताना त्यानं लाकूड निवडलं ते सागवान. त्या मुलखात सागवानाखेरीज दुसऱ्या लाकडाला लाकूड म्हणायची रीतच नव्हती. एवढ्या नावाजलेल्या गड्याला हलकंसलकं लाकूड लावायचं म्हणजे त्याचा अपमान, असं उकंडाला मनापासून वाटलं. डेपोच्या मुकादमाच्या हातापाया पडून त्यानं चांगला, बिनगाठीचा तुकडा मिळवला. जुन्या चिंधूची कंबर मधोमध कापलेली होती, दोन तुकडे कापडानं जोडलेले आणि पाठीला वाकवायचा दोरा. त्यानं तस्संच केलं. मुंडासं, तिरपा डोळा, घुंगरकाठी, काही सोडलं नाही. कौसल्येनं घोंगडी शिवली. शेवटी दोरे बांधून चिंधू आढ्याच्या खुंटीला टांगला आणि उकंडा लांब उभा राहून बघू लागला.

चिंधू आपोआप वाकला. कुणी दोरा ओढला नव्हता. सागवानी डोकं नि छाती एवढी जड झाली होती, की कापडाची कंबर ते पेलेना. उकंडानं दोरे आखडले, पुन्हा बांधले, पण हात काढला की चिंधू दुमडलेलाच.

“जड झाला,” तो चडफडत म्हणाला. “सागवान कायले घेतलं म्या? बाहुली हाय, का घराची तुळई?”

“मंग आता?” कौसल्येनं विचारलं.

“राहू दे टांगून. सुचन काही.”

चिंधू टांगलेलाच राहिला. भाकरी करताना, जेवताना, उठताबसता समोर तो कंबर मोडून उभा. कौसल्येला ते सहन होईना.

“अवो, जोहार सोडून आलो ना आपण? आन तुमी त्याले लाकडात घडवून घरात टांगून राह्यले?”

“बाहुली हाय ती. सारी दुनिया हसते तिले पाहून.”

“हसो दुनिया. मले नाई हसू येत.”

उकंडा चिडला. “तुले काय समजते कारागिरीतलं? हुबेहूब मांगतला त्यायनं, हुबेहूब देतो. उद्या माह्यं नाव घेतीन जत्रेत, तवा बोल.”

कोपऱ्यात तुळसाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“उकंडा, तुह्या बापाले म्या सरळ कधी पाह्यलाच नाई रे,” ती म्हणाली. “चावडीत वाकून वाकून कंबरच तशी झालती. घरात आला तरी वाकेलच. तिरडीवर ठेवला तवा चौघांनी दाबून सरळ केला.” सुपातला एक खडा तिनं बाहेर फेकला. “हा हुबेहूब झाला हाय बरं. तुह्या हातात कसब हाय.”

 त्या दिवशी जेवणात उकंडाचं लक्ष नव्हतं.

सकाळी तो डेपोच्या वाटेनं न जाता नाल्याकडं गेला. कुंपणाला लावतात त्या पांगाऱ्याची एक जाड फांदी त्यानं तोडून आणली. पांगारा म्हणजे हातात धरला न धरला असा हलका. लोक त्याला जळणालाही घेत नाहीत. पण सुरी त्यात कशी लोण्यासारखी चालली! चेहरा तोच, डोळा तोच, मुंडासं तेच. फक्त मानेपासून मांडीपर्यंत देह एकसंध ठेवला. कंबर कापलीच नाही.

माघातल्या जत्रेच्या दिवशी सकाळी कळंबला विठ्ठलरावांच्या राहुटीत त्यानं चिंधू त्यांच्या हातात दिला. विठ्ठलरावांनी दोरे बोटांत घेतले. चिंधूनं मान वेळावली, काठी आपटली, पाय थिरकवले.

“वा रे पठ्ठे! बापाच्या हातचा नाई असा नाचला कधी!” विठ्ठलराव खुश झाले. मग त्यांचं बोट सवयीनं एक दोरा शोधू लागलं. “कंबरीचा दोरा कुठी हाय?”

“नाई जी. कंबर नाई कापली.”

“इसरला?”

“इसरलो नाई. आता नाई वाकत तो.”

 विठ्ठलराव भडकले. “अरे लेका, लोक त्याच्या वाकण्यासाठी येते! संध्याकाळी खेळ हाय माह्या डोक्यावर! हुबेहूब सांगतला होता का नाई तुले?”

“सांगतला होता जी.”

“मंग बाकीच्या बाहुल्या इसर तू! आन नावही इसर!”

उकंडाचं तोंड उतरलं. तरी त्यानं पिशवीतून लहान आरी काढून विठ्ठलरावांसमोर ठेवली.

“बाहुली तुमची हाय. कापा. माह्या हातून होणार नाई.”

विठ्ठलरावांनी आरी उचलली, चिंधूच्या पोटावर टेकवली. रंग ताजा होता, घोटून घोटून चकचकीत केलेला. त्यांनी एकवार उकंडाकडं पाहिलं आणि आरी खाली टाकली. “जाय तू,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी उकंडा आईला नि कौसल्येला घेऊन खेळाला गेला. या वेळी तिघं जरा पुढं, खेळासमोर बांधलेल्या दोराच्या जवळ बसली. कुणी वळून पाहिलं, कुणी पाहिलं नाही. चिंधू आला तशी टाळ्या पडल्या. मागोमाग पाटील आला आणि गरजला, “जोहार कर!”

चिंधू ताठ उभा.

“जोहार कर म्हणतो ना!”

चिंधूनं मान डोलावली, काठी वाजवली, एक गिरकी घेतली. वाकला मात्र नाही.   मग पडद्यामागून विठ्ठलरावांनी चिंधूचा किनरा आवाज काढला.

“पाटील, हात आणले, पाय आणले. कंबर मायनं घरीच ठेवून घेतली!”

“घरी? पाहू दे मले!” पाटील चिंधूच्या मागं गेला, पुढं आला, काठीनं टोचून पाहू लागला. कंबर शोधता शोधता तो स्वतःच इतका वाकला, की त्याचाच भरजरी फेटा घरंगळून चिंधूच्या पायांशी पडला.

लोक हसले. सगळे नाही. पुढून एक जण ओरडला, “जुना चिंधूच बरा होता राजेहो!” दोघंतिघं उठूनही गेले. पण मागच्या, उकिरड्याकडच्या बाजूनं जो हशा उठला तो बराच वेळ थांबेना. कौसल्या पदर तोंडाला लावून हसत होती. तुळसाबाई हसली नाही. ती चिंधूकडं टक लावून बघत होती.

खेळाआधी उकंडाचं नाव कुणी घेतलं नव्हतं, खेळ संपल्यावरही घेतलं नाही. सामान आवरताना विठ्ठलराव त्याच्याजवळ आले. अजून घुश्श्यातच होते.

“उमरखेडले काय होते पाहू. तिथले लोक खट हाय.” ते जायला वळले, पुन्हा थांबले. “आन पाटील जुना झाला माहा. नवा करून दे. पांगाऱ्याचाच. त्याले कंबर ठेवजो मात्र, कारागीर.”

घरी आल्यावर उकंडानं खुंटीवरचा सागवानी चिंधू काढला. दोरे सोडले, कमरेचं कापड काढलं आणि मधल्या फटीत सागाचीच पाचर ठोकून बसवली. चिंधू सरळ झाला. मग त्यानं तो आईच्या हातात दिला.

तुळसाबाईनं त्याला वरून खाली चाचपलं, पाठीवरून हात फिरवला.

“जड हाय रे,” ती म्हणाली.

“सागवान हाय, माय.”