मान वर ठेवून

आमच्या चर्चच्या पाळकांचा दिवस पहाटे चारला सुरू होई. सातला त्यांना कारखान्याच्या स्टोअरमध्ये हजर राहावं लागे. खिळे, ड्रिल, हातमोजे काढून द्यायचं काम. त्याआधीचे दोन तास उपदेशाचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेक वाक्य लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. रविवारच्या वीस मिनिटांसाठी आठवड्याचे बारा तास. मेहनतीत कसर नव्हती.

तरी त्यांना रविवारची धास्ती वाटे. शनिवारी घास उतरत नसे. बायको म्हणे, अहो, फासावर नाही चढवत तुम्हाला.

कारण मंडळी ऐकत नव्हती. आम्ही बहुतेक त्याच कारखान्याच्या बॉयलर खात्यातले. बाकावर बसायचो, माना डोलवायचो. सोमवारी स्टोअरच्या खिडकीवर ते सहज विचारल्यासारखं विचारत, कालचं कसं वाटलं? आम्ही म्हणायचो, छान. कशावर होतं, असं विचारलं की प्रत्येकाला एकदम काम आठवे. एकदा ते उधळ्या पुत्रावर बोलले, सगळं उधळून परतलेल्या मुलाला बाप धावत जाऊन मिठी मारतो त्यावर, आणि एकाने प्रलयातल्या नोहाच्या तारवाचं तोंडभर कौतुक केलं.

त्यांनी आवाज चढवून पाहिला. घसा तेवढा बसला. शेवटी चर्चच्या वडीलजनांना सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग दुसरा माणूस बघा.

त्याच आठवड्यात आमचा हातोडेवाला इस्पितळात पडला. पाळक भेटायला आले तेव्हा मी तिथंच होतो. हातात कागद नव्हता. खाटेपाशी स्टूल ओढून, अगदी समोर बसून त्यांनी उधळ्या पुत्राचीच गोष्ट सांगितली, आठवेल तशी. हातोडेवाल्याचे डोळे भरले. मध्येच दोन प्रश्नही विचारले त्याने. पाळक चक्रावले. म्हणाले, चर्चमध्ये तर तू छताकडे बघत असतोस.

हातोडेवाल्याने आधी दाराकडे पाहिलं. "पाळकबाबा, कागदावर वाकलात की तुमचं टक्कल दिसतं, तोंड नाही. तोंड दिसल्याशिवाय मला काही कळत नाही. ह्यालाही नाही."

बोट माझ्याकडे होतं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"फोरमनसाहेब दुसऱ्या बाकावर बसतो. कान गेलेत हे त्याला कळलं तर घरी बसवेल."

खरं होतं. वीस-वीस वर्षं पत्रा ठोकून सगळ्यांचेच कान गेले होते. एकमेकांचे ओठ बघून काम चाले, आणि ही गोष्ट खात्याबाहेर जाईल म्हणून प्रत्येकाचा जीव टांगणीला.

आता पाळकांची धास्ती दुप्पट झाली. आमचं झाकून ठेवायचं आणि मान वर ठेवायची, म्हणजे कागद सोडायचा. बिनकागदाचे ते कधी उभे राहिले नव्हते. आठवडाभर स्टोअरमध्ये पुटपुटत पाठ करत होते. ड्रिल मागितलं तर हातमोजे देत.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते रिकाम्या हातांनी उभे राहिले. विषय तोच. सहा-सात मिनिटं नीट गेली आणि गाडी अडली. हात खिशात गेला, खिसा रिकामा. मान खाली जायला लागली. ती त्यांनी जोर लावून वर धरली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "विसरलो."

मागचे चार बाक हसले. इस्पितळातून नुकताच आलेला हातोडेवाला नको तेवढ्या मोठ्याने म्हणाला, "बाप धावत निघाला, तिथवर आलाय तुम्ही."

फोरमनसाहेबाने मागे वळून पाहिलं. बहिऱ्याचा आवाज त्याने ओळखला, असंच आम्हाला वाटलं. पण त्यालाही हसू येत होतं. पाळकांनी बापाला पुढे नेऊन मुलाच्या गळ्यात पाडलं.

त्यांनी मंडळी सोडली नाही. शनिवारचा घास मात्र पुढेही अडकतच राहिला. बायकोने कारण विचारलं, तर म्हणाले, आता ऐकतात ना.

त्यानंतर त्यांनी जादा पाळ्या केल्या, आणि त्या पगारातून एक दिवा आणला. मी तो त्यांच्या तोंडासमोरच्या खांबावर बसवला; डोक्यावर बसवला असता तर नाकाची सावली ओठांवर पडली असती. फोरमनसाहेबाने विचारलं, हा कशाला? पाळक म्हणाले, मला लागतो.