बिबडे कुठं वाळवायचे?

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सुरू झाले की किस्से आपोआप साठतात. ज्वारीचा घाटा चुलीवर रटरटत असतो, हात ओल्या फडक्यावर थापत असतात, तोंडं मात्र मोकळी! आज माझ्याकडे, उद्या हिराकडे, परवा येसूअक्काकडे. बोलावणं आलं की बाईनं जायचं. भांडण असलं तरी जायचं. मजुरी नाही, गरम घाटा तेल घालून खायचा आणि गावाची उणीदुणी काढायची.

आणि आता काढायला गाव केवढं झालंय! सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं गाव. आधी शेतात प्लॉट पडले, मग प्लॉटात बंगले उठले. घरोघरी टीव्हीच्या काड्या उभ्या राहिल्या. लोक म्हणतात गाव सुधारलं. सुधारलं म्हणजे काय, तर पूर्वी माणूस ओळख देऊन शिवी द्यायचा, आता ओळख न देताच देतो!

आमचं सगळं अडलं होतं गावखळ्यापाशी. थ्रेशर आल्यावर तिथली मळणी बंद झाली, तेव्हापासून उन्हाळाभर तिथं आम्हा बायकांच्या खाटा. त्यांच्यावर बिबडे, कुरडया, शेवया. सगळ्या गावात दिवसभर कडक ऊन तिथं तेवढंच. पण मोकळी जागा दिसली की आजकाल लोकांच्या अंगात येतं.

*

पहिल्या आल्या बंगलेवाल्या बाई. खळ्याला लागून भिंत बांधली, वर काचा रोवल्या आणि रोजचा कचरा भिंतीवरून आमच्या खाटांवर! भाजीची देठं, अंड्याची टरफलं, सगळं. सांगायला गेलं तर, "आमच्याकडे कामवाली आहे, तिला विचारा."

येसूअक्का सत्तरीची. तिनं तो कचरा गोळा केला, पितळी ताटात घातला, वर भरतकामाचा रुमाल झाकला आणि पुढच्या दारानं गेली. बाईंनी हसत ताट घेतलं.

"अय्या, कशाला एवढा त्रास घेतला आजी!"

"त्रास कसला? तुमचंच रोज येतं. आमच्यात ताट रिकामं परत देत नाहीत!"

*

मग आमचीच कार्टी. बंगलेवाल्यांना काय नावं ठेवायची! एस्टीच्या शेडमध्ये दिवसभर लोळायची. पत्ते, बाटल्या, कॉलेजला जाणाऱ्या पोरींवर शिट्ट्या. पोरी बाहेर उन्हात, हे सावलीत पाय पसरून.

एक दिवस मी गेले. म्हटलं, "काय करताय रे इथं?"

"गाडीची वाट पाहतोय, अक्का."

"कुठल्या?"

"शिंदखेड्याच्या!" आणि खिदळले सगळे.

तेवढ्यात आली की शिंदखेड्याची गाडी! मी हात दाखवला. कंडक्टर ओळखीचा, माझ्या माहेरचा. म्हटलं, "भाऊ, ही चार पोरं सकाळपासून तुमच्या गाडीसाठी ताटकळलीत. लाजतात, जरा चढवून घ्या." तो खाली उतरला आणि कॉलर धरून एकेकाला चढवला. खिशात दमडी नाही एकाच्याही! मधल्या फाट्यावर त्यानं उतरवलं आणि उन्हाचे तंगड्या तोडत परत आले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पोरी बसल्या होत्या.

*

शेड सुटली तशी कार्टी रात्री गल्लीत बाटल्या फोडायला लागली, म्हणून आप्पांकडे तक्रार नेली. आप्पा माजी सरपंच, हायवेकडचे प्लॉट त्यांचेच. म्हणाले, "अक्का, वाढतं गाव आहे. तरुण रक्त आहे. थोडं सोसायला शिका."

त्याच आठवड्यात कोणीतरी त्यांच्या ओट्यावर बाटली फोडली आणि आप्पांच्या पायात काच गेली. अख्खी गल्ली गोळा केली त्यांनी. "या गावात कायदा उरला की नाही?"

मी म्हटलं, "आप्पा, तरुण रक्त होतं ते. आता तुमचं म्हातारं पण सांडलं, एवढंच!"

*

पण या सगळ्यांवर कडी पिंट्याची. पिंट्या म्हणजे आमच्या हिराचा एकुलता एक. धुळ्याच्या सीटा भरायला जीप घेतली आणि खळ्याच्या ऐन मधोमध उभी करायला लागला. आमच्या खाटा उचलून गटाराकडे फेकल्या. मी जाब विचारला तर चावी फिरवत म्हणतो, "हाई खळं तुना बापनं शे का?" थेट माझा बाप काढला!

हिराला सांगावं तर तिचं एकच, "पोरगं शे ना!" दोन उन्हाळे असे गेले. बिबडे आम्ही ओसरीत वाळवले. निम्म्याला बुरशी!

मग पिंट्याचं लग्न ठरलं. मुलगी यावलची, केळीवाल्यांची. हिरा दारोदार बिबड्यांचं बोलावणं घेऊन आली. माझ्या दारात जरा घुटमळलीच. पण लग्नाच्या बिबड्यांना नाही म्हणत नाहीत. तांबडं फुटायला आम्ही सगळ्या हजर.

पहिला घाणा थापून झाला. ओल्या फडक्यासकट बिबडे घेऊन हिरा खळ्यावर आली आणि उभीच राहिली. इकडे बघते, तिकडे बघते. मध्ये जीप.

"अक्का, वाळवू कोठे?"

येसूअक्कानं नुसतं जीपकडे पाहिलं.

मग हिरानं पदर खोचला, स्वतःच्या हातानं बोनेट पुसलं आणि पहिलं फडकं त्यावर पसरलं! मग काय विचारता! बोनेटवर बिबडे, टपावर बिबडे, आतल्या सीटांवर बिबडे. जीप तर अशी भरली की तिचा रंग दिसेना.

पिंट्या उठला दहाला. यावलला सासरी जायचं होतं, बस्त्यासाठी. मेव्हण्यांना जीप दाखवायची म्हणून नवी शर्ट-पँट, गॉगल. खळ्यावर आला आणि तोंड उघडंच!

"हाई काय शे? उचला बठ्ठं!"

हिरा काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. तीच काठी तिनं पोराकडे वळवली. "लग्नाचा पहिला घाणा शे. ओला उचला ते बठ्ठा बिबडा फाटी जातीन. गाडीले हात लावशी ते याद ठेव! जाय, एस्टीमा जाय!"

जन्मात पहिल्यांदा ओरडली ती त्याच्यावर.

त्यानंतर जीप खळ्यावर कधी दिसली नाही. खाटा आल्या परत. पण यावलची गंमत त्याच्या काकानं सांगितली, तो सोबत होता. दोघं एस्टीत उभ्यानं गेले. घामानं शर्टाचा पोतेरा, गॉगल गर्दीत मोडलेला. सासरची सगळी मंडळी जीप बघायला रस्त्यावर उभी. सासरेबुवांनी पाणी दिलं आणि विचारलं,

"पाव्हणं, जीप कुठंय?"

पिंट्या खाली मान घालून म्हणाला, "वाळत घातलीय!"